पिकअपच्या मागच्या ड्रमऐवजी डिस्क: तयार किटमध्ये काय असतं, काय नसतं

खोक्यात दोन डिस्क, दोन कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे), पॅड, कॅलिपर एक्सलला धरणारे ब्रॅकेट, होज आणि पिशवीभर बोल्ट. बोल्ट-ऑन किटचं लोखंडी काम खरंच सरळ आहे. घोळ होतो तो ब्रेक ऑइलच्या प्रेशरचा, आणि त्यासाठी लागणारा व्हॉल्व्ह बहुतेक किटमध्ये नसतोच.

आधी ब्रॅकेट बघा. अखंड गोल असेल तर एक्सलचा दांडा बाहेर काढावाच लागतो. सी-क्लिपवाल्या एक्सलला (दांडा आतल्या टोकाला सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो) त्यासाठी डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं कव्हर उघडायचं, ऑइल सोडायचं, पिन काढून दांडा आत ढकलायचा, मग क्लिप सुटते. एवढं उघडलंच आहे तर ऑइल सील नवीनच टाका; झिरपलेलं ऑइल पॅडने एकदा प्यायलं की ते पॅड गेलेच.

कॅलिपर डावा-उजवा उलटा बसू शकतो, आणि बसतोही. एअर काढायचं निपल सगळ्यात वर यायला हवं. खाली आलं तर बाटलीभर ऑइल वाहून गेलं तरी पेडल स्पंजीच राहतं. होजच्या बॅन्जो बोल्टला (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर लावायचे.

हॅन्डब्रेक कॅलिपरमध्येच असलेला किट घ्या. हॅन्डब्रेकच नसलेला स्वस्त किट दुकानातच राहू द्या. हॅन्डब्रेकवाल्या कॅलिपरचा पिस्टन आत आट्यांवर असतो. तो शिकंज्याने दाबायचा नाही, फिरवत आत न्यायचा. दाबला की आतली यंत्रणा मोडते.

आता प्रेशर. ड्रममध्ये शू (लायनर लावलेली अर्धगोल पट्टी) फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आवळला जातो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, म्हणून तिला प्रेशर जास्त लागतं. मूळ प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मात्र ड्रमच्या हिशेबाने मागचं प्रेशर कापत असतो. तो काढून मागच्या लाइनला अ‍ॅडजस्टेबल व्हॉल्व्ह लावा. दोन्ही एकामागोमाग ठेवले तर मागचा ब्रेक नावापुरताच लागतो. ड्रमच्या लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असेल तर तोही काढायचा, नाहीतर पॅड डिस्कला घासत राहतात.

घासतंय का ते जॅकवर कळतं. पेडल दाबून सोडा, चाक हाताने फिरवा. अडलं तर निपल किंचित सैल करा. चाक मोकळं झालं तर लाइनमध्ये प्रेशर अडकलंय. तरीही अडलं तर कॅलिपरच्या स्लाइड पिन किंवा ताणलेली हॅन्डब्रेक केबल तपासा.

वळणानंतर पहिलं पेडल खोल जातं, दुसऱ्या दाबाला ठीक येतं, ही तक्रार सी-क्लिप एक्सलवर नेहमीची. दांड्याला आडवा प्ले (आत-बाहेर सैलपणा) असतो, डिस्क त्याच्याबरोबर सरकते आणि पॅड मागे ढकलते. स्लाइड पिनवर सरकणारा तरंगता कॅलिपर हे बऱ्यापैकी सांभाळून घेतो, जागेवर घट्ट बसवलेला फिक्स्ड कॅलिपर नाही.

फायदा पाण्यात, लांब उतारावर आणि पॅड बदलताना दिसतो. रिकाम्या गाडीचं थांबायचं अंतर फारसं कमी होत नाही, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. गाडी बहुतेक रिकामीच धावत असेल तर चांगले लायनर आणि नीट अ‍ॅडजस्ट केलेला ड्रम पुरतो.

पहिली चाचणी मोकळ्या, कोरड्या जागेत, कमी वेगात आणि रिकाम्या गाडीने. जोरात दाबल्यावर पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. मागची आधी झाली तर अ‍ॅडजस्टेबल व्हॉल्व्ह अर्धा आटा फिरवून मागचं प्रेशर कमी करा आणि पुन्हा बघा. हे जमेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.