पाचपट मोठं दाखवणारा आरसा: साडेतीन तारे

खरं सांगते, हा आरसा मी हनुवटीवरचे केस उपटायला घेतला. साठी उलटलेल्या बायकांना जास्त फोड करून सांगायला नको. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, तेव्हा आधी दिसली ती फरशीच्या सांध्यांतली धूळ आणि मग स्वतःचा चेहरा. धूळ निदान झाडता तरी आली.

स्टँडवरचा गोल आरसा, सात इंची. एका बाजूला साधी काच, दुसऱ्या बाजूला पाचपटीची, कडेने एलईडीचं कडं. ऑनलाइन मागवला, ६४९ रुपये. ज्या कामाला आणला ते काम चोख करतो, तिथे तक्रार नाही. पण पुढे तो भलत्याच कामाला लागला आणि लिहायला बसलेय ते त्याबद्दल.

सप्टेंबरात गुडघा बदलला. सहा आठवडे घराबाहेर पाऊल नाही. एलिमेंटरीची परीक्षा झाल्यावर नातीने चित्रकलेला रामराम ठोकला होता, तिची अर्धी कोरी वही आणि कॅम्लिनच्या तीन चारकोल पेन्सिली कपाटात पडून होत्या. बसल्या जागी काढायला समोर काय, तर पाण्याचा तांब्या आणि औषधांचा डबा. तांब्या चार वेळा काढून झाला. पाचव्या दिवशी समोर आरसा होता, म्हणून त्यात दिसत होतं ते काढलं.

चौतीस वर्षं पोस्टात काउंटरवर काढली मी. पासबुकावरचा फोटो आणि जाळीपलीकडचा माणूस ताडून पाहायचा, मागे रांग वाढत असायची. केस जातात, दात जातात, पण दोन डोळ्यांमधलं अंतर जात नाही, एवढं त्यात शिकले होते. म्हणून वाटलं, चेहरा आपल्याला सोपा जाईल. कसलं काय! पहिल्या चित्रात डोळे कपाळात गेले. मुलीने सांगितलं, आई, पट्टी धरून मोज. डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर असतात. मोजलं तेव्हाच पटलं. केसांखालचं डोकं आपण हिशेबातच धरत नाही.

आता आरशाकडे येते. पाचपटीची बाजू चित्राला बाद. ती अंतर्गोल असते, नाकाजवळ धरली तरच मोठं दाखवते. वही मांडीवर घेऊन मागे सरकलं की चेहरा फिस्कटतो आणि आणखी मागे गेलं की चक्क उलटा होतो. मी ह्यांना हाक मारली, "अहो, या लवकर, डॉक्टर चालू नका म्हणाले आणि मी शीर्षासन करतेय."

साध्या बाजूने मात्र मन जिंकलं. सात इंच पुरतील का, ही शंका मलाही होती. पुरतात. काचेवर आपल्या चेहऱ्याचा जो आकार दिसतो तो जवळ जा नाहीतर लांब, खऱ्या चेहऱ्याच्या निम्माच असतो. खोटं वाटत असेल तर न्हाणीघरातल्या वाफ धरलेल्या आरशावर एक डोळा मिटून बोटाने चेहऱ्याची कड गिरवा आणि मोजा. माझं साडेआठ इंची डोकं सव्वाचार इंचांत बसलं, वर खांद्यावरचा पदरही मावला.

एलईडी मात्र बंद ठेवा. तो चहूबाजूंनी सारखा पांढरा उजेड पाडतो. सुरकुत्या दिसेनाशा होतात, लग्नाला जाताना ते बरंच आहे, पण कागदावर उतरवायला काही राहतच नाही. उजेड एका बाजूने हवा. आमच्या दक्षिणेच्या खिडकीतून अजिंक्यतारा छान दिसतो, पण ऊन सरकत राहतं आणि नाकाची सावली गालावरून फिरते. उत्तरेची खिडकी स्वयंपाकघरात आहे. म्हणून आरसा गेला ओट्यावर, रव्याच्या डब्याशेजारी. भाकरीवर एकदा काळी बोटं उमटली, ती भाकरी माझ्याच ताटात आली.

मुलीने टॅबवर लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं रेम्ब्रांटचं चित्र उघडून दिलं. १६६९ सालचं, वय त्रेसष्ट, आणि त्याच वर्षी तो गेला. डोळ्यांखालच्या पिशव्या त्याने बाकी चेहऱ्याइतक्याच निगुतीने रंगवल्यात. तसल्या पिशव्या मी जन्मभर काउंटरवर पाहिल्या, रंगवण्याजोग्या म्हणून कधी पाहिल्या नव्हत्या. मला त्याहून जवळची वाटली ती फिनलंडची हेलेन शेर्फबेक. ऐंशी ओलांडल्यावर, १९४४-४५ मध्ये, स्वीडनमधल्या हॉटेलात राहून तिने स्वतःची वीसेक चित्रं केली. त्यातल्या काहींत गालफडं, डोळ्यांच्या खोबणी आणि उघडं तोंड, एवढंच. मीही दहा रेघांत जमवायला गेले, शेतातलं बुजगावणं झालं.

बाविसाव्या चित्रात वेगळीच गंमत झाली. चेहरा माझा, पण बघण्याची तऱ्हा थेट सासूबाईंची, दूध उतू गेल्यावर त्या बघायच्या तशी. रक्ताचं नातं नाही, नुसती एकतीस वर्षं एका स्वयंपाकघरात. ह्यांनी ते चित्र पाहिलं, काही बोलले नाहीत, दोन कप चहा टाकला.

गुडघा दुखायचा थांबला असं नाही. पण वरच्या ओठाची कड जमत नसली की तेवढा वेळ तीच मोठी काळजी असते. मला पुरेसं आहे.

तारे कुठे कापले? स्टँडच्या स्क्रूवर. पंधरा दिवसांत तो ढिला पडला. एक डोळा काढून होईतो आरसा मान खाली घालतो आणि दुसऱ्या डोळ्याच्या जागी हनुवटी येते. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर दोन वेढे घालून बसवलं, तेव्हापासून ठीक. त्यासाठी एक तारा गेला. अर्धा गेला विक्रेत्याच्या उत्तरापायी: स्क्रूची तक्रार केली, तर पाच तारे दिलेत तर आभारी राहू असा निरोप आला. चार पेन्सिल सेलही लागतात, ते खोक्यात येत नाहीत.

केसांसाठी हवा असेल तर बिनधास्त घ्या. चित्रासाठी हवा असेल तर साधा, बिनदिव्याचा, जड बुडाचा मिळाला तर तो पाहा, स्वस्तही पडेल.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला यंदा मोबाइलवर चेहरा दाखवून दिला. त्याच उत्तरेच्या खिडकीशी उभी राहिले, डोळ्यांची उघडझाप केली, एका फटक्यात झाला. त्या दिवशीच्या चित्रामागे तारीख टाकली आणि शिक्का हाताशी नव्हता म्हणून तिच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला, मध्ये लिहिलं: सातारा.