फर्टिलिटी ट्रीटमेंट सुरू आहे, मग मोबाइलमध्ये काय ठेवायचं?

झरी-जामणी, मारेगाव, राळेगावकडून उपचारासाठी यवतमाळ किंवा नागपूर गाठणाऱ्या जोडप्यापुढे तीन पर्याय असतात. प्ले स्टोअरवरचं पाळीचं अ‍ॅप, दवाखान्याचं स्वतःचं अ‍ॅप, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप, अलार्म आणि वही. माझं मत आधीच सांगते. ट्रीटमेंट सुरू झाली की पहिल्याचं काम संपतं. दुसरं चांगलं असेल तर घ्या, पण तिसरं सोडू नका.

फ्लो, क्लू यांसारखी पाळीची अ‍ॅप मागच्या तारखांवरून पुढचा अंदाज बांधतात. डॉक्टरकडे जाण्याआधी ती खरंच कामाची आहेत. पहिल्याच भेटीत ‘पाळी किती दिवसांनी येते’ असं विचारतात, तेव्हा सहा महिन्यांच्या तारखा समोर ठेवता येतात. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा त्रास) असेल, पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, तर मात्र अंदाजावर भिस्त ठेवू नका. बीज तयार व्हावं म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू झाली की स्त्रीबीज कधी तयार होतंय हे सोनोग्राफीत कळतं, अ‍ॅपला नाही. तरी ते आपलं ‘आज फर्टाइल दिवस’ सांगतच राहतं, आणि डॉक्टरांनी दुसरंच सांगितलेलं असलं की बाईच्या जिवाला उगाच घोर लागतो.

माहिती कुठे जाते, हाही प्रश्न आहे. युजरची आरोग्याची माहिती फेसबुक, गूगलसारख्यांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2021 मध्ये फ्लोवर आणि 2023 मध्ये प्रीमॉम या तशाच अ‍ॅपवर कारवाई केली. पण आपल्याकडची अडचण याहून जवळची आहे. घरात स्मार्टफोन एकच. सासरे कापसाचा भाव बघायला फोन हातात घेतात आणि नेमकी तेव्हाच वर पाळीची सूचना झळकते. ज्या घरात ट्रीटमेंटचं कुणाला सांगितलेलं नाही, तिथे एवढ्यानं बाईला तोंड लपवावं लागतं. म्हणून कोणतंही अ‍ॅप घ्या, आधी लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद करा.

दवाखान्याच्या अ‍ॅपचा मोठा फायदा म्हणजे ते तुमच्या फाइलशी जोडलेलं असतं. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, इंजेक्शनं साधारण 10 ते 12 दिवस चालतात आणि सोनोग्राफी बघून डोस बदलतो. बदललेला डोस लेखी समोर आला तर फोनवर ऐकण्यात चूक होत नाही. घेण्याआधी तीन गोष्टी बघा: मराठी आहे का, नेट नसताना उघडतं का, आणि विचारलेल्या प्रश्नाला खरी नर्स उत्तर देते का. शेवटचं ‘नाही’ असेल, तर ते अ‍ॅप म्हणजे नुसती जाहिरात समजा. आणि दवाखाना आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या 2021 च्या एआरटी कायद्याखाली नोंदणी झालेला आहे का, हे अ‍ॅप कितीही देखणं असलं तरी विचाराच.

वेळ पाळायला मात्र मी कोणत्याच अ‍ॅपवर विसंबणार नाही. बीज काढण्याआधीचं ट्रिगर इंजेक्शन ठरल्या वेळीच लागतं, कारण त्यानंतर 34 ते 36 तासांनी बीज काढतात. रात्री 10 ला इंजेक्शन, म्हणजे परवा सकाळी 8 ते 10 च्या बेतात प्रक्रिया, म्हणजे आदल्या रात्री नागपुरात मुक्काम. स्वस्त फोनमध्ये बॅटरी सेव्हर मागे चालणारी अ‍ॅप बंद पाडतो, मग आठवण येतच नाही. घड्याळातला साधा अलार्म वाजतो, नेट असो-नसो. नवऱ्याच्या फोनवरही तोच अलार्म लावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर दवाखान्याच्या नर्सशी थेट बोलणं ठेवा आणि ते चॅट लॉक करा. पेशंटच्या ग्रुपमध्ये धीर मिळतो, पण दुसरीचा रिपोर्ट वाचून आपला डोस ठरवू नये, आणि तिथे फिरणारे काढे तर नकोच.

वहीत तारीख, इंजेक्शनचं नाव, डोस, वेळ लिहा. नवऱ्याचंही पान ठेवा. वीर्य तपासणीआधी 2 ते 7 दिवस संबंध टाळायचे असतात, तेव्हा तीही तारीख लिहून ठेवावी लागते. बहुतेक अ‍ॅप एकट्या बाईशीच बोलतात, हा मला त्यांचा मोठा दोष वाटतो. मूल होत नाही यामागे पुरुषाचं कारणही तितकंच असू शकतं.

बरीच इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची असतात. मे महिन्यात लाइन गेली तर काय करायचं, हे इंजेक्शन घरी आणण्याआधीच नर्सला विचारून वहीत लिहा. बर्फाच्या थर्मासमधून नेताना इंजेक्शन बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं तर ते वाया जातं.

वहीच्या मागच्या पानावर दवाखान्याचा रात्रीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. पोट खूप फुगलं, वजन झपाट्यानं वाढलं, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर अ‍ॅपमध्ये लक्षणं भरत बसू नका. त्या नंबरवर फोन लावा, आणि नाही लागला तर तडक जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. वही सोबत न्या, तिथल्या डॉक्टरला कोणती इंजेक्शनं झाली ते लगेच कळेल.