लोअर परळमध्ये हेअर मेटल, आणि एक गाणं चक्क मराठीत

बँडचं नाव लिहीत नाहीये कारण पोरंच म्हणाली की पुढच्या गिगपर्यंत बदलणार आहोत, आत्ताचं घरी सांगता येत नाही म्हणे. तशी मुंबईतली ही जुनी रीत आहे, १९८४ ला सुरू झालेल्या रॉक मशीननेही १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड केलंच की. तर शनिवारी लोअर परळच्या एका पबमध्ये वाजले. एन्ट्री ५०० रुपये, त्यात एक बियर. पोस्टरवर ८ ची वेळ, पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा पावणेदहा, बियर कधीच संपलेली.

आधीच सांगतो, हेअर मेटल म्हणजे ऐंशीच्या दशकातलं फुगवलेले केस आणि मेकअपवालं रॉक, आणि मी या म्युझिकच्या बाबतीत निष्पक्ष वगैरे नाही. मोठ्या भावाकडे बॉन जोवी, युरोप, डेफ लेपर्डच्या कॅसेटी होत्या आणि त्या त्याच्या परवानगीशिवाय ऐकण्यात माझी अर्धी शाळा गेली. मग १९९१ ला निर्वाणा हा साध्या कपड्यातला, खरखरीत आवाजाचा बँड गाजला आणि वर्षभरात हे सगळं एकदम हास्यास्पद ठरलं, भावाने पण पोस्टर काढून टाकलं. ही चार पोरं जन्माला आली तीच २००० नंतर, त्यामुळे हे हास्यास्पद आहे असं त्यांना कोणी सांगितलंच नसावं, बरंच झालं.

दिसायला कसे होते ते सांगायलाच पाहिजे. गायकाने बिबट्याच्या ठिपक्यांची लेगिंग घातलेली, दादरला लेडीज दुकानातून डबल एक्सेल मागून आणली म्हणाला. डोळ्यात काजळ, ओठाला लिपस्टिक, आणि केसांवर इतका स्प्रे की पुढच्या टेबलवर वास येत होता. पण जून महिन्यातली मुंबई आणि एसी अर्धा बंद, तिसऱ्या गाण्यापर्यंत तिघांचे केस पावसात भिजलेल्या कावळ्यासारखे. गिटारवाला हुशार, त्याने विग लावलेला, तो शेवटपर्यंत १९८७ मध्येच होता. शेजारच्या टेबलवरचा एकजण "काय ही थेरं" म्हणाला. अरे बाबा, आपले आजे-पणजे बालगंधर्वांना शालूत बघायला रात्र रात्र जागायचे आणि बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकायच्या, आपण कुठल्या तोंडाने हसायचं?

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं हेअर मेटल म्हणजे सोलो. सोलो कोणीही यूट्यूब बघून सहा महिन्यात बसवतो हो, खरी गोम कोरसमध्ये असते, तीन-चार गळे एकावर एक चढले पाहिजेत. डेफ लेपर्डवाले स्टुडिओत आवाजांचे थरावर थर लावायचे, स्टेजवर ते कुठून आणणार, म्हणून बरेच बँड लॅपटॉपवरून रेकॉर्ड केलेले आवाज सोडतात. मी मुद्दाम ड्रमरच्या बाजूला जाऊन बघून आलो, लॅपटॉप नव्हता. ड्रमर वाजवता वाजवता वरचा सूर लावत होता, बेसवाला खालचा, आणि सूर चक्क जुळत होते!! नंतर कळलं बेसवाला वसईचा, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गातोय, हार्मनी सगळ्या त्यानेच बसवल्यात. पहिली दोन गाणी मात्र हे काही ऐकूच आलं नाही कारण साउंडवाल्याने किक ड्रमचा (पायाने वाजवतात तो मोठा) आवाज इतका वर ठेवला होता की ग्लास हलत होते.

पाचव्या गाण्यात सोलो ऐन रंगात असताना तार तुटली. साध्या गिटारला एक तार गेली तर बाकीच्या पाचांवर कसंतरी निभावतं, पण याच्या गिटारला फ्लॉइड रोझ सिस्टीम, तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती पट्टी, तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगा यांच्यामध्ये तरंगत असतो, एक तार गेली की ब्रिज सरकतो आणि बाकीच्या सगळ्या बेसूर. दुसरी गिटार? नाही, लोकलमध्ये दोन घेऊन कोण चढणार. तार बदलायला ॲलन की, म्हणजे सहा कोनी छोटी चावी लागते, ती घरी! शेवटी मागे उभ्या असलेल्या एका टकल्या काकांच्या कीचेनला निघाली. तेवढा वेळ बेस आणि ड्रमने ठेका सोडला नाही आणि गायक घरमालकाचे किस्से सांगत राहिला, खरं सांगू, एक-दोन गाण्यांपेक्षा ते किस्से भारी होते.

इंग्लिश कव्हर्समध्ये, म्हणजे दुसऱ्या बँडच्या गाण्यांमध्ये, गायकाचा ॲक्सेंट डोंबिवली सोडून थेट लॉस एंजेलिसला जातो, ते जरा आवरा. पण शेवटून दुसरं, त्यांचं स्वतःचं मराठी गाणं, पॉवर बॅलड, म्हणजे हळू सुरू होऊन जोरात चढणारं भावुक रॉक गाणं, विषय शेवटची कर्जत लोकल सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर राहिलेली दोघं. ऐकायच्या आधी मी पण हसलो. कडव्यांमध्ये शब्द कोंबलेत, एका ओळीत तर श्वास घ्यायला जागाच नाही. पण कोरसला नुसतं "थांब ना", आणि तो "ना" असा मोकळा लागतो की वरच्या पट्टीत हवा तेवढा वेळ धरता येतो, मागून दोघं चढतात, आणि माझ्या हातावर काटा आला, खोटं कशाला बोलू. असं अजून एक लिहा रे, कव्हर दोन कमी करा.

संपल्यावर गायक बेसिनपाशी खोबरेल तेलाने काजळ पुसत होता, मला म्हणाला "काका, पुढच्या महिन्यात ठाण्याला आहे, नक्की या". मी करी रोडला धावलो, गाडी मिळाली, समोरच्या सीटवर गिटारवाला, विग किराण्याच्या पिशवीत. ठाण्याचं तिकीट ३०० आहे, दोन काढलीत, बायको अजून हो म्हणालेली नाही.