आठ दिवे लागले म्हणजे केबल चांगली, असं नसतं भो

जळगाव-धुळ्याकडं कॅमेरा, नेटवर्कचं काम करणाऱ्या कुणाचीही बॅग उघडा, केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल, त्या आरजे-४५ प्लगची पिशवी आणि तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवाला दीड-दोनशेचा एलईडी टेस्टर निघणार म्हणजे निघणारच. एक ते आठ दिवे ओळीनं लागले की आपण म्हणतो केबल ओके, बिल काढा. आणि मग जिनिंगवाल्याचा फोन येतो, "भाऊ, टेस्टर त बराबर दखाडी ऱ्हायना, मंग कॅमेरा काबर बंद पडस?"

तर हा रिव्ह्यू त्याच्या वरच्या पायरीच्या मशीनचा आहे. मी नोयाफा कंपनीचा एनएफ-८२०९ केबल टेस्टर वापरतो, चार-पाच हजाराच्या घरात पडतो, ऑनलाइन भाव खालीवर होत राहतो. वायर मॅप (कुठली तार कुठल्या पिनला लागलीय), लांबी, केबल शोधणं, पीओई (नेटवर्कच्याच केबलमधून कॅमेऱ्याला जाणारी वीज) तपासणं आणि पोर्ट फ्लॅश (केबल कुठल्या पोर्टला लागलीय ते दिव्यानं दाखवणं), एवढं एका डब्यात आहे. एका वाक्यात विचाराल तर घ्या. पण कशासाठी घ्यायचा ते कळलं नाही तर तो पण बॅगेत पडून राहील.

आधी त्या दीडशेवाल्याबद्दल, कारण त्याला शिव्या घालायच्या नाहीत मला. त्याचं काम एकच, या टोकाच्या पिनपासून त्या टोकाच्या पिनपर्यंत तार लागलीय का. तेवढं तो चोख करतो. पण समजा कुणी नारंगी, हिरवी, निळी, चॉकलेटी अशा जोड्या सरळ ओळीनं भरल्या, दोन्हीकडं सारख्याच, तर आठही दिवे मस्त लागतात. ३ आणि ६ नंबरवर एकाच पेअरच्या (एकमेकींना पीळ दिलेल्या जोडीच्या) तारा लागतात, त्या मात्र वेगवेगळ्या पेअरमधल्या झाल्या, पीळ एकमेकांचा राहिलाच नाही, क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत घुसणं) सुरू. टेबलावर दोन मीटरला चालेल, पण सत्तर मीटरच्या रनला पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळायला लागतात. याला स्प्लिट पेअर म्हणतात आणि "दोन्हीकडं सारखे रंग टाकले की झालं" म्हणणारे कारागीर आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. नारंगी पट्टी, नारंगी, हिरवी पट्टी, निळी, निळी पट्टी, हिरवी, चॉकलेटी पट्टी, चॉकलेटी, हाच क्रम ठेवा बाप्पा. फ्लूक कंपनीचा मायक्रोस्कॅनर टेस्टर स्प्लिट पेअर ओळखतो, पण त्याची किंमत ऐकून आपल्या धंद्यातला माणूस आधी चहा मागवतो.

आता लांबी. पैसे मला याच फीचरनं वसूल करून दिले. केबल तुटली तर कुठं तुटली हे मीटरमध्ये कळतं, तेही एकाच टोकावरून. डाळ मिलमध्ये पत्र्याखालून गेलेली केबल उंदरानं कुरतडली, स्क्रीनवर तीन पेअर ६२ आणि एक पेअर २३ दाखवतोय, मग शिडी कुठं लावायची ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. चांगली मीटरं यासाठी पल्स सोडतात आणि ती तुटलेल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात, याला टीडीआर म्हणतात. काही स्वस्त मीटरं कपॅसिटन्सवरून अंदाज बांधतात. दोन्हीत एक गोष्ट सारखी, प्रत्येक कंपनीच्या केबलमधून सिग्नल थोड्या वेगळ्या वेगानं जातो किंवा तिचा कपॅसिटन्स वेगळा असतो, म्हणून नवीन बॉक्स उघडला की आधी मोजलेल्या तुकड्यावर मीटर जुळवून घ्यायचा. ते न करता "दोन मीटरचा फरक दाखवतो, डबा आहे" असे रिव्ह्यू वाचले की हसू येतं. आणि हो, अर्धवट वापरलेल्या बॉक्समध्ये किती उरलंय ते सुद्धा बॉक्स न उलगडता कळतं.

लांबीचं अजून एक, आणि हे आपल्या खान्देशात फार लागू पडतं. स्टँडर्ड म्हणतं १०० मीटर, त्यात ९० भिंतीतली आणि १० पॅच कॉर्डची, म्हणजे टोकांना लावायच्या छोट्या तयार केबलची. पण ही मर्यादा २० डिग्रीला आहे. साध्या यूटीपी (वरून जाळीचं कवच नसलेल्या) केबलचा लॉस, म्हणजे वाटेत सिग्नल कमी होणं, २० ते ४० डिग्रीत दर डिग्रीला ०.४ टक्के वाढतो, त्याच्या वर ६० पर्यंत ०.६ टक्के. भुसावळला मे महिन्यात सावलीत ४५ असतं तेव्हा जिनिंगच्या पत्र्याखाली किती असेल? समजा ६० धरलं तर लॉस २० टक्के जास्त. म्हणजे डिसेंबरात चाललेली ९५ मीटरची लाईन एप्रिलच्या दुपारी दोनला दगा देणार आणि संध्याकाळी परत चालू होणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार तुमचा स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथं जुळतात तो डबा, खराब दिला. पत्र्याखालून रन असेल तर मी ८० च्या पुढं जात नाही, मध्ये स्विच टाकतो.

पीओईचं बटन दाबलं की पोर्टवर पॉवर येतेय का, कुठल्या तारांवरून येतेय हे दिसतं. कामाचं आहे, कारण चालू पीओईच्या केबलला दीडशेवाला टेस्टर लावला तर तो तिथंच शहीद होऊ शकतो, विशेषतः ते बिनस्टँडर्डचे इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारे अडॅप्टर), जे समोर काय आहे न विचारता सरळ व्होल्टेज सोडतात. पण पीओई दिसलं म्हणजे पुरेसं आहे असं नाही. पीओईच्या ८०२.३एएफ स्टँडर्डमध्ये स्विच १५.४ वॉट देतो, कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ ची हमी असते, मधलं केबल खाते. दिवसा कॅमेरा चालतो, रात्री आयआरचे (अंधारात बघायचे) दिवे लागले की ओढ वाढते आणि कॅमेरा रिस्टार्ट, रिस्टार्ट, रिस्टार्ट. बहुतेक वेळा गुन्हेगार सीसीए केबल असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा.

आणि इथं हा टेस्टर गप्प बसतो. सीसीए आहे की शुद्ध तांबं हे तो सांगत नाही, वायर मॅप पास, लांबी पास. त्यासाठी साधा मल्टिमीटर काढा. केबल दोन्हीकडून मोकळी करा, पलीकडं एका पेअरच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा, इकडून ओहम बघा. २४ गेज तांबं असेल तर १०० मीटरला १७ च्या आसपास येतं, कॅट ५ई (नेटवर्क केबलचा एक दर्जा) ची मर्यादाच १९ च्या आत आहे. २६-२७ दाखवलं की समजून जा. नाहीतर ब्लेडनं तार खरवडा, आतून पांढरी निघाली की गिऱ्हाइकाला तिथंच दाखवा, पुढचा वाद वाचतो.

केबल शोधणं, म्हणजे टोन ट्रेसर (एका टोकाला टोन सोडायचा, दुसरीकडं तो ऐकून केबल ओळखायची), पाच पैकी साडेतीन. ऑफिसात झकास, चाळीस वायरींच्या गुंत्यातून बरोबर एक काढून देतो. पण मोठ्या मोटरी चालू असतात तिथं घरघर इतकी येते की टोन ओळखू येत नाही, डिजिटल मोडवर जावं लागतं. केबल चालू स्विचला लागलेली असेल तर साधा टोन स्विच गिळून टाकतो, तेव्हा पोर्ट फ्लॅश वापरा, स्विचवरचा त्या पोर्टचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो आणि रॅकपाशी उभा असलेला पोऱ्या ओरडतो "सोळा नंबर!". लेबल न लावणाऱ्या आधीच्या ठेकेदाराला मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणा.

काय नाही त्यात? केबलच्या वरचं काहीच नाही. कुणी पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच साध्या स्विचमध्ये खोचली, लूप झाला, सगळे दिवे एका सुरात धडधडायला लागले, हा टेस्टर म्हणेल सगळं बरोबर. कुणी घरचा राउटर आणून लॅन पोर्टमध्ये लावला आणि तो पण आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वाटायला लागला, तरी हा म्हणेल बरोबर. तिथं लॅपटॉप उघडा, आयपी बघा, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपी, म्हणजे राउटरकडून आपोआप येणारा आयपी, मिळालंच नाही, आणि गेटवे (बाहेर जायच्या राउटरचा पत्ता) भलताच दिसला तर दुसरा राउटर शोधा. नेटॲली कंपनीचा लिंकस्प्रिंटर टेस्टर हेच काम पाच दिव्यांत करतो, पीओई, लिंक, डीएचसीपी, गेटवे, इंटरनेट, फार सुंदर आयडिया आहे. पण जवळ लॅपटॉप आणि डोकं असेल तर आपल्या लेव्हलला त्याची गरज नाही. रोज बँकेच्या शाखा करत असाल तर विचार करा.

फ्लूकच्या डीएसएक्सचं पण लोक विचारतात. ते सर्टिफिकेशनचं, म्हणजे केबल स्टँडर्डला उतरते असा रिपोर्ट देणारं यंत्र, लाखांत जातं, टेंडरमध्ये रिपोर्ट मागितला असेल तर भाड्यानं आणा आणि भाडं कोटेशनमध्ये टाका, विकत घेऊन शोकेसमध्ये ठेवू नका.

घेताना दुसऱ्या टोकाचा भाग डब्यात आहे का ते दुकानातच बघा. तो हरवला की वायर मॅप गेला, आणि तो हरवतोच, छतावर विसरतो आपण. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पण ठेवू नका, बॅटरी फुगते.