दुकानाचा बोर्ड : पेंटरकाका साडेचार स्टार, परवान्याची खिडकी अडीच, प्रोत्साहन शून्य

मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघींनी मिळून लोणची-मसाल्यांचं छोटं दुकान काढलंय, नाव ‘कैरी’, आणि त्याच्यावर बोर्ड लावताना दोन ठिकाणी कामं पडली, एक बोर्ड बनवणाऱ्याकडे आणि दुसरं महापालिकेच्या परवाना खात्यात. दोन्हीचा रिव्ह्यू एकत्रच टाकतेय कारण एकाशिवाय दुसरं समजतच नाही. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मार्चमध्ये रिन्यूअलला परत त्याच खिडकीवर जायचंय.

आधी बोर्ड. बाजारात फिरलं की सगळे एकच विचारतात, फ्लेक्स की एसीपी? फ्लेक्स म्हणजे स्वस्तात मस्त, चौकोनी पाइपची फ्रेम, त्यावर ताणलेलं प्रिंट, दोन उन्हाळ्यात लाल रंगाचा गुलाबी होतो आणि कोपरे फडफडायला लागतात. एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेलं शीट, त्यावर ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं आणि आत एलईडी. आम्हाला दुसरं हवं होतं पण तीन-चार दुकानांत जे डिझाइन दाखवलं ते सगळं एकाच साच्यातलं, श्रीलिपी सॉफ्टवेअरमधला तोच तो जाड फॉन्ट, बाजूला नेटवरून उचललेली बरणी आणि खाली मालकाचा फोन नंबर बोर्डाएवढा मोठा. एका ठिकाणी तर ‘लोणची’ मधला ल हिंदीतला टाकलेला, म्हणलं अहो हा आपला ल नाही, तर पोरगा म्हणतो मॅडम कॉम्प्युटरमध्ये हाच येतो. आता सरकारने २००९ साली मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढला त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असं स्पष्ट लिहिलंय, आणि आपल्या वळणाचे फॉन्ट फुकट मिळायलाही बरीच वर्षं झाली, पण बोर्डवाल्यांपर्यंत ते पोचलेलं नाही, किंवा पोचलंय पण कोण बदलत बसणार.

मग जावेच्या भावाने जुन्या पेठेतले एक पेंटरकाका सांगितले. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, बाहेर नंबरप्लेटा सुकत घातलेल्या. काकांनी आयुष्यभर हाताने बोर्ड रंगवले, आता मुलाने सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन, घेतलाय, तर काका कागदावर अक्षरं काढतात, मुलगा ती स्कॅन करून कटिंगला टाकतो. हे कॉम्बिनेशन मला फार आवडलं. काकांनी ‘कैरी’ तीन तऱ्हेने काढून दाखवलं, पेन्सिलने, खाली-वर रेघा मारून, आणि तिसऱ्यात ‘री’ची वेलांटी मागे वळवून ‘कै’च्या दोन मात्रांवर अशी आणली की देठाला पान फुटल्यासारखं दिसायला लागलं. जाऊ तिथेच म्हणाली हेच करायचं.

आता दराची गंमत ऐका, कारण बोर्ड करणाऱ्या प्रत्येकाला हे कळलं पाहिजे. उठावाच्या अक्षरांचा भाव इंचावर असतो, म्हणजे अक्षराची उंची किती इंच गुणिले अक्षरं किती गुणिले रेट. इंग्रजीत हे सरळ आहे. मराठीत उंची कुठून मोजायची? बाकीच्या दुकानांनी मात्रेच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजून ‘बारा इंच’ सांगितलं, पण ‘कैरी’ला वर दोन मात्रा आणि वेलांटी, म्हणजे त्यातले चार इंच वरच गेले, मूळ अक्षर उरलं आठ इंच. आणि खाली इंग्रजीत बारा इंची टाकलं तर ते आपोआप मोठं दिसणार, आणि पाट्यांचा सरकारी नियम तर म्हणतो मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्या लिपीपेक्षा लहान नको! काका मात्र शिरोरेघेपासून खाली मोजतात आणि मात्रांचे वेगळे पैसे घेत नाहीत. मी विचारलं काका मग वेलांटीचं काय, तर म्हणाले, “ताई, वेलांटीशिवाय अक्षर वाचता येतं का? मग तिचे पैसे वेगळे कसे घेऊ.”

दुसरी गोष्ट शिरोरेघेची. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आत दिवे असलेला प्रत्येकाचा डबा वेगळा, एक बिघडला की तेवढाच काढायचा. मराठीत शिरोरेघ जोडली की अख्खा शब्द एकच डबा होतो, आतली पट्टी गेली तर सगळंच उतरवा. म्हणून बरेच जण शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर तोडून टाकतात आणि रात्री त्या फटीतून काळ्या रेघा दिसतात, एकदा लक्षात आलं की मग गावभर तेच दिसत राहतं. काकांच्या मुलाने शब्द एकसंध ठेवला पण मागून स्क्रूचं झाकण दिलं. एलईडीची मॉड्युल बारा व्होल्टची, पाण्यात टिकणारी, आणि वीज देणारा डबा बोर्डच्या आत न ठेवता शटरच्या आत भिंतीवर लावला, म्हणजे शिडी न लावता बदलता येतो. पहिल्या पावसात शेजारच्या मोबाईलवाल्याचा बोर्ड अर्धा विझला होता, आमचा चालू राहिला, अजूनही चालू आहे.

साडेचारच का, तर वेळ. काका सांगतात आठवडा, धरायचा महिना. फोन उचलत नाहीत. आणि पक्कं बिल मागितलं तर मुलाकडे बोट, मुलगा सीएनसीवर. पण काम बघून राग जातो खरा.

आता परवाना. आमच्या बोर्डात एक आगाऊपणा होता, मुख्य पाटीच्या बाजूला भिंतीतून बाहेर आलेली दीड फुटाची कैरी, पत्र्याची कापलेली, दोन्ही बाजूंनी हिरवी, रात्री कडेने उजळणारी. गल्ली अरुंद आहे, गल्लीतून येणाऱ्याला भिंतीला चिकटलेली पाटी दिसत नाही, बाहेर आलेली कैरी दिसते, म्हणून काकांनीच सुचवली. दिव्याचा बोर्ड म्हणजे परवाना लागणार हे माहीत होतंच. दुकानाच्या नोंदणीचं सोपं झालंय हे मान्य करायला हवं, दहाच्या आत कामगार असतील तर २०१७ च्या कायद्याने नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, आमचा तो कागद घरबसल्या आला. त्यामुळे वाटलं बोर्डाचंही असंच असेल.

ऑनलाइन फॉर्म आहे, पण फॉर्म भरून झाल्यावर प्रिंट काढून खिडकीवर द्यायची, मग ऑनलाइन कशाला. भाडेकरार, मालकाची एनओसी, मिळकतकराची पावती, जागेचा समोरून फोटो, मापं टाकलेलं ड्रॉइंग, फ्रेमच्या मजबुतीचा दाखला. शेवटच्याबद्दल तक्रार नाही माझी. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली, चाळीस बाय चाळीसची मर्यादा असताना ते एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला होर्डिंग पडूनच पाच जण गेले. त्यानंतर कुठलाही अधिकारी डोळे झाकून सही करणार नाही आणि करूही नये. पण एवढ्या अवाढव्य सांगाड्याला आणि दहा बाय तीनच्या दुकानाच्या पाटीला एकच दाखला, एकच फॉर्म, हे काही पटत नाही.

खरा घोळ झाला कैरीचा. फॉर्ममध्ये ‘बोर्डाचा प्रकार’ म्हणून यादी येते त्यात कैरी बसेना. सपाट आहे का, नाही. होर्डिंग आहे का, नाही. गच्चीवर आहे का, नाही. खिडकीवरच्या क्लार्कनी ‘इतर’ टाका म्हणून सांगितलं आणि ‘इतर’ टाकलं की पुढे लांबी आणि रुंदी विचारतो. कैरीची लांबी-रुंदी! मग तिच्याभोवती चौकोन कल्पून माप घेतलं, म्हणजे फी आम्ही कैरीची तर भरतोयच पण तिच्या चारी कोपऱ्यांतल्या हवेचीही भरतोय. रक्कम किरकोळ आहे, खोटं कशाला बोलू, पण हिशोब बघा कसा आहे, साधा चौकोनी फ्लेक्स लावणाऱ्याला एकही प्रश्न नाही आणि कुणी डोकं लावून काही वेगळं केलं की त्याला जास्त फी, जास्त खेपा, वर ‘हे असलं कशाला हवंय तुम्हाला’. हे वाक्य खरंच ऐकलंय, आणि बोलणारा माणूस वाईट नव्हता, त्याला मनापासून प्रश्न पडला होता.

अडीच स्टार दिलेत ते जागा बघायला आलेल्या ज्युनियर इंजिनिअरमुळे, नाहीतर दीड होते. पोरगी हुशार. टेप लावून तिने कैरी फुटपाथवर किती येते ते मोजलं, म्हणाली मॅडम ब्रॅकेट आत सरकवा आणि वर घ्या, डोक्यावर हंडा घेतलेला माणूसही खालून गेला पाहिजे, मग मी लिहून देते. तेच केलं, आणि कैरी आता आधीपेक्षा जास्त लांबून दिसते. म्हणजे नियम समजून सांगणारं माणूस भेटलं तर बोर्ड सुधारतो सुद्धा. पण ती साइटवर भेटली, खिडकीवर नाही, आणि तोपर्यंत चार टेबलं फिरून झालेली.

आणि आता शून्य स्टारवाला मुद्दा. मराठी पाट्यांचं बघा, २०२२ ला त्याच दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, एक कामगार असला तरी देवनागरी पाटी सक्तीची झाली. मग कोर्टकचेरी, सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली, मुंबईत दर कामगारामागे दोन हजार दंड, मग मे २०२४ पासून दुप्पट मिळकतकराचा इशारा. सक्तीला माझा विरोध नाही, आपल्या राज्यात आपल्या भाषेत पाटी हवीच. पण झालं काय, बऱ्याच जणांनी मूळ इंग्रजी बोर्ड तसाच ठेवून वर मराठी नावाची विनाईलची पट्टी चिकटवली, रातोरात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. नियम पाळला गेला, रस्ता मात्र आणखी कुरूप झाला. दंडाने पाटी मराठी होते, देखणी होत नाही. त्यासाठी कुणीतरी म्हणायला हवं की बाबा चांगली केलीस तर फीमध्ये सूट देतो.

आणि हे काही स्वप्नरंजन नाही. माझा मावसभाऊ फिलाडेल्फियाजवळ राहतो, त्याने सांगितलं म्हणून वाचलं, तिथे शहराची योजना आहे, दुकानाचा दर्शनी भाग सुधारला, त्यात बोर्ड, दिवे, शटर सगळं आलं, तर खर्चाच्या निम्म्यापर्यंत पैसे परत मिळतात, एका दुकानाला दहा हजार डॉलरपर्यंत. अट अशी की काम सुरू करायच्या आधी डिझाइन मंजूर करून घ्यायचं. सॅन फ्रान्सिस्कोत मे महिन्यात दुकानदारांना ऑनिंग (दुकानापुढची कापडी छपरी) आणि पाटीच्या परवान्याची फी माफ करायचे. आपल्याकडे लगेच दहा हजार डॉलर कोणी मागत नाहीये, पण वर्षभराची परवाना फी माफ केली तरी पेंटरकाकांसारख्या दहा जणांना काम मिळेल.

परदेश राहू दे, मुंबईतलं डी. एन. रोडचं उदाहरण आहेच. सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंत त्या कमानींवर दुकानांचे बोर्ड असे थापलेले होते की खालचं दगडी कोरीवकाम दिसतच नव्हतं. नव्वदीच्या शेवटी वास्तुविशारद आभा लांबा यांनी पाट्यांचे नियम आखले, बोर्ड कमानीच्या आत, मापात. दुकानदारांना समजावून सांगितल्यावर त्यांनी बोर्ड आत घेतले, युनेस्कोनेही त्या कामाची दखल घेतली. मी तिथे एका चष्म्याच्या दुकानासमोर उभी राहून बघितलंय, पाटी लहान झालीय पण कमानीमुळे नजर थेट तिच्यावरच जाते.

हे सगळं मी त्या इंजिनिअर पोरीला बोलले तर ती म्हणाली मॅडम लेखी द्या, पुढे पाठवते. दिलंय. साधा एक पानाचा अर्ज, तीन मागण्या : हाताने काढलेल्या किंवा वेगळ्या आकाराच्या पाटीला आकाराचंच क्षेत्रफळ धरा, लहान पाट्यांना होर्डिंगपेक्षा वेगळा सोपा फॉर्म ठेवा, आणि वर्षातून एकदा प्रभागातल्या चांगल्या मराठी पाटीची फी परत करा. पोच मिळाली, शिक्क्यासहित, आवक नंबर घातलेली. पुढचं काही कळलं तर इथेच टाकेन.

कुणाला बोर्ड करायचा असेल तर, अक्षराची उंची शिरोरेघेपासून मोजून भाव लिहून घ्या, वीज देणारा डबा हात पोचेल तिथे लावायला सांगा, ड्रॉइंगवर बोर्डाची जमिनीपासूनची उंची टाकून न्या म्हणजे एक खेप वाचते, आणि परवाना हातात येईपर्यंत शीट कापू देऊ नका. पेंटरकाकांचा नंबर कमेंटमध्ये मागू नका, त्यांनीच सांगितलंय गणपतीपर्यंत नवीन काम घेत नाही म्हणून.