जुना मिनी पीसी, डेबियन आणि केव्हीएम : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गणपतीच्या तोंडावर, २०२५च्या ऑगस्टमध्ये, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला एक मिनी पीसी रिफर्बिश्डच्या दुकानातून १५,५०० रुपयांना घेतला. आय५-८५००टी प्रोसेसर, सहा कोअर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. जेवणाच्या चौकोनी डब्याएवढा आकार. तेव्हापासून तो सोलापुरातल्या आमच्या घरी रात्रंदिवस चालू आहे.

मी डेस्कटॉप सपोर्टमध्ये काम करते. दिवस प्रिंटर, पासवर्ड आणि विंडोजच्या अपडेटमध्ये जातो. मला लिनक्स अ‍ॅडमिन व्हायचंय, त्यासाठी आरएचसीएसए या रेड हॅटच्या लिनक्स परीक्षेचा अभ्यास चालू आहे. हे मशीन घेण्याआधी वर्षभर लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स वापरलं, म्हणजे एका कॉम्प्युटरवर दुसरे आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. कमांड पाठ झाल्या, पण लॅपटॉप मिटला की सगळं बंद. रात्रभर चालणारा सर्व्हर सकाळी कसा दिसतो, लॉग कसे साठतात, वीज गेल्यावर काय काय परत उठत नाही, हे तिथे कधी कळलंच नाही. म्हणून वेगळं मशीन घेतलं.

घेतल्या घेतल्या एक गोष्ट अडली. केव्हीएम, म्हणजे लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय, चालू होईना. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय असते, पण ऑफिसातून आलेल्या मशीनमध्ये ती बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून, बंद केलेली असू शकते. माझ्या मशीनमध्ये तसंच होतं. एलएससीपीयू कमांड चालवली की इंटेलच्या प्रोसेसरवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एएमडी-व्ही अशी ओळ दिसली पाहिजे. ती नसेल तर आधी बायोस उघडा. तिथेच वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं ही सेटिंगही करून टाका. आमच्याकडे ती नसती, तर दर आठवड्याला मला कामावरून घरी फोन करून बटण दाबायला सांगावं लागलं असतं.

बहुतेक जण सांगतात की थेट प्रॉक्समॉक्स टाका, म्हणजे ब्राउझरमधून व्हीएम सांभाळायची तयार प्रणाली. मी पहिले दोन महिने ते टाकलं नाही, आणि या नऊ महिन्यांत घेतलेला हाच निर्णय मला सगळ्यात बरोबर वाटतो. नुसतं डेबियन १३ हे लिनक्स टाकलं, वर व्हीएम चालवणारं क्यूईएमयू आणि ती सांभाळणारं लिबव्हर्ट. ग्राफिकल काही नाही, फक्त दुरून लॉगिनसाठी एसएसएच आणि लिबव्हर्टची व्हर्श ही कमांड.

पहिलं व्हीएम सुरू झालं आणि मी होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, चालू प्रोसेस दाखवणारं टॉप उघडलं. यादीत एक प्रोसेस होती, क्यूईएमयूची. तेच माझं व्हीएम. लिनक्सच्या नजरेत ते ब्राउझरसारखंच एक प्रोसेस आहे, आणि त्याला दिलेले दोन व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे त्या प्रोसेसचे दोन थ्रेड, आत समांतर चालणारे दोन प्रवाह. पीएस कमांडला थ्रेड दाखवायला सांगितले की ते नावानिशी दिसतात. वर्षभर मी व्हीएम म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर असं चित्र डोक्यात ठेवून होते, ते त्या संध्याकाळी गेलं. सहा कोअरच्या मशीनवर व्हीएमना मिळून चौदा व्हर्च्युअल सीपीयू देऊनही ते का चालतं, हे एकदम कळलं : लिनक्सचा शेड्युलर, म्हणजे प्रोसेसरचा वेळ वाटणारा भाग, थ्रेडना पाळीपाळीने वेळ देतो, बाकीच्या प्रोसेसना देतो तसाच. किल कमांडने व्हीएम मारता येतं, ही प्लग उपटण्यासारखीच गोष्ट आहे. मी एक मारून पाहिलं. पुन्हा सुरू केल्यावर आतल्या फाइलसिस्टमने जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचून स्वतःला सावरून घेतलं.

मग केव्हीएमबद्दल वाचलं. अवी किविटी यांनी क्युमरानेट या इस्रायली कंपनीत ते सुरू केलं, आणि २००७च्या फेब्रुवारीत आलेल्या २.६.२० या लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ते सामील झालं. वेगळा हायपरव्हायजर, म्हणजे व्हीएम चालवणारा थर, लिहिण्याऐवजी लिनक्सलाच हायपरव्हायजर करायचं, शेड्युलर आणि मेमरीची व्यवस्था आहे तीच वापरायची, ही त्यामागची कल्पना. टॉपमधली ती एक ओळ पाहिलेली होती म्हणून हे वाचलेलं पटकन समजलं.

दुसरा मोठा धडा ब्रिजचा. लिबव्हर्ट स्वतःहून १९२.१६८.१२२ ने सुरू होणारं नेटवर्क देतं, त्यात व्हीएम बाहेर जाऊ शकतात पण घरातल्या दुसऱ्या मशीनवरून त्यांच्यापर्यंत थेट पोचता येत नाही. त्यासाठी ब्रिज बांधावा लागतो. मी तो एसएसएचवरून बांधायला गेले आणि कनेक्शन तुटलं. टीव्हीची एचडीएमआय केबल काढून मशीनला लावली, कीबोर्ड जोडला, सासूबाईंची मालिका अर्धा तास बंद. चूक अशी की मी ब्रिजही केला आणि पत्ता जुन्या नेटवर्क कार्डावरच ठेवला. ब्रिज म्हणजे कर्नलमधला स्विच. कार्ड त्या स्विचचं नुसतं एक पोर्ट होतं, त्यामुळे होस्टचा आयपी पत्ता ब्रिजवर हलवावा लागतो. ही फाइल मी हाताने चार वेळा लिहिली. पुढे प्रॉक्समॉक्स टाकल्यावर त्याने तसाच ब्रिज इन्स्टॉल होतानाच करून ठेवला होता. तो आधी भेटला असता तर मला त्याकडे बघावंसंही वाटलं नसतं. आणखी एक : मशीनला राउटरपासून केबल ओढाच. वाय-फायवर साधा ब्रिज चालत नाही, कारण ज्या मॅक पत्त्याने (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाने) जोडणी झाली त्याशिवाय दुसऱ्या पत्त्याच्या फ्रेम अ‍ॅक्सेस पॉइंट घेत नाही.

रॅमवर पैसे घाला. प्रोसेसर माझा महिन्यातून एखाद्या तासाला पूर्ण भरतो, रॅम मात्र रोज भरते. ८ जीबीत तीन व्हीएमनंतर स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी डिस्क वापरणं, सुरू झालं, म्हणून सप्टेंबरात १६-१६ च्या दोन स्टिक टाकल्या. वर्षअखेरीला रॅमचे भाव भडकले, तेव्हा वेळेवर घेतल्याचं बरं वाटलं. एकाच टेम्प्लेटवरून, म्हणजे साच्यावरून, काढलेली सहा-सात व्हीएम चालू असतील तर त्यांच्या मेमरीतली सारखी पानं कर्नल एकत्र करतो. केएसएम म्हणतात त्याला. माझ्याकडे त्यात पावणेदोन जीबीपर्यंत वाचलेली दिसली आहे.

दिवाळी झाल्यावर प्रॉक्समॉक्स ९ टाकलं. व्हिएन्नातल्या कंपनीचं आहे, पहिली आवृत्ती २००८ची, आणि ९वी आवृत्ती डेबियन १३ वरच उभी आहे. विनाशुल्क वापरता येतं. फक्त सुरुवातीला पैसे भरणाऱ्यांची रिपॉझिटरी (अपडेट मिळण्याची जागा) लावलेली असते, ती बदलून बिनवर्गणीची लावली नाही तर अपडेटला एरर येतो. ८००६ पोर्टवर ब्राउझर उघडला की सगळं समोर. ते लिबव्हर्ट वापरत नाही, स्वतःच्या क्यूएम या कमांडने क्यूईएमयू चालवतं. आणि क्यूएम शोसीएमडी अशी कमांड देऊन व्हीएमचा नंबर सांगितला की पडद्यामागे दिली जाणारी क्यूईएमयूची लांबलचक ओळ जशीच्या तशी समोर येते. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मला आधीच्या दोन महिन्यांमुळे वाचता आली.

अभ्यासाला याचा उपयोग प्रचंड. रेड हॅटशी मिळत्याजुळत्या आल्मालिनक्सचं क्लाउड इमेजवरून, म्हणजे तयार डिस्कवरून, टेम्प्लेट केलंय, पहिल्या बूटला सेटिंग भरणाऱ्या क्लाउड-इनिटमधून नाव, पत्ता आणि एसएसएचची किल्ली जाते, मिनिटाभरात नवीन व्हीएम लॉगिनला तयार. रूटचा पासवर्ड विसरल्यावर बूट थांबवून तो बदलणं हा प्रकार मी स्नॅपशॉटला, म्हणजे व्हीएमच्या आधी जपून ठेवलेल्या स्थितीला, परत जात वीस-पंचवीस वेळा केला. एलव्हीएममधली (डिस्कचे लवचीक भाग करणाऱ्या सोयीतली) जागा वाढवणं, कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅबमध्ये मुद्दाम चूक करून बूट अडकवणं, सगळं तसंच.

डिसेंबरात मात्र जोरात आपटले. प्रॉक्समॉक्सचं नेहमीचं इन्स्टॉलेशन व्हीएमच्या डिस्क एलव्हीएम-थिनवर ठेवतं. थिन म्हणजे ४० जीबीची डिस्क दिली तरी लिहिलं जाईल तेवढीच जागा खर्ची पडते. माझा पूल, म्हणजे सगळ्या व्हीएमची सामायिक जागा, सुमारे १४० जीबीचा होता आणि मी त्यावर बारा व्हीएमना ४०-४० जीबी देऊन बसले होते. एका रात्री पूल शंभर टक्के भरला. सकाळी निम्मी व्हीएम आय-ओ एररवर थांबलेली. मी आत जाऊन फाइली पुसल्या, पूल तसूभरही रिकामा झाला नाही. व्हीएममध्ये फाइल पुसली तरी खालच्या पूलला ते कळत नाही. पुसलेली जागा खाली कळवणारं डिस्कार्ड डिस्कवर चालू हवं आणि आतून एफएसट्रिम ही कमांड चालवायला हवी. शिवाय जुने स्नॅपशॉट त्या जागा धरून ठेवतात. आठ स्नॅपशॉट उडवले तेव्हा कुठे व्हीएम हलायला लागली. एकाची फाइलसिस्टम गेली ती गेलीच, आणि त्यात माझ्या तीन आठवड्यांच्या अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनाच्या नोंदी होत्या, कारण बॅकअप त्याच डिस्कवर घेत होते. तो रविवार फार वाईट गेला. आता १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, पूल ८० टक्क्यांवर गेला की मेल येते, आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर जातो.

दुसरं मशीन म्हणजे तसलाच मिनी पीसी, जानेवारीत घेतलेला. दोघांचं क्लस्टर केलं, म्हणजे एकत्र सांभाळला जाणारा गट, ज्यात मशीनच्या मतांचं बहुमत लागतं. एक बंद पडलं की दुसऱ्यावर नवीन व्हीएम सुरूच होत नाही, कारण दोन मतांत बहुमत म्हणजे दोन्ही मतं. रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारं सॉफ्टवेअर) बसवून तिसरं मत दिलं तेव्हा सुटलं. ज्यांना क्लस्टर शिकायचंच नाही त्यांनी दोन मशीन सुटीच ठेवावीत. याच दरम्यान मोठ्या बॅकअपच्या वेळी नेटवर्क अचानक मरायचं, लॉगमध्ये हार्डवेअर युनिट हँग. ईथटूल कमांडने कार्डाचं टीएसओ आणि जीएसओ (पॅकेटचे तुकडे करायचं काम उशिरा, कार्डाजवळ ढकलणाऱ्या सोयी) बंद केल्यापासून पुन्हा झालेलं नाही.

विजेचं सांगते. सॉकेटला मीटर लावून मोजलं तर रिकामं असताना एक मशीन साधारण १४ वॉट घेतं, म्हणजे महिन्याला दहा युनिट. घरच्या इन्व्हर्टरचा खटका यूपीएस मोडवर केला. दुसऱ्या मोडवर वीज जाता-येता मशीन रिस्टार्ट व्हायचं. सोबत छोटा यूपीएस आहे, त्याची यूएसबी केबल होस्टला लावून नट या सॉफ्टवेअरने बॅटरी खाली आल्यावर व्हीएम नीट बंद होतात.

सोलापूरचा मे जाणणारे जाणतात. दुपारी हॉलमध्येच ३८ अंश, टीव्हीच्या बंद कपाटात एनव्हीएमई ७१ वर गेली. मशीन उघड्या फळीवर उभं ठेवलं, पंख्यातली धूळ ब्रशने काढली, आता साठीच्या आत असते. रिफर्बिश्ड मशीन आलं की थर्मल पेस्ट बदलून घ्या, शंभर-दीडशे रुपयांत होतं.

घरातल्यांसाठी एका कंटेनरवर (व्हीएमपेक्षा हलका, होस्टचाच कर्नल वापरणारा प्रकार) फोटो आणि सासूबाईंच्या कॅसेटवरून उतरवलेली भजनं ठेवली आहेत. ती बंद पडली की मला पाच मिनिटांत हाक येते, त्यामुळे अपडेट मी रात्री अकरानंतर करते आणि आधी स्नॅपशॉट घेते.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चिठ्ठी टाकून एक व्हीएम किंवा कंटेनर निवडते, ते पुसते आणि बॅकअपवरून परत आणते. एप्रिलमध्ये नेमकी भजनांची चिठ्ठी निघाली. पुसताना हात थांबला होता. सात मिनिटांत सगळं परत आलं, हरिपाठ जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला.