पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत: दुकानात रोज आठ तास ऐकलेलं 'जुन्या गाण्यांचं' एफएम

फोंड्याला वरच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सकाळी नऊला शटर वर, दुपारी एकला बंद, जेवून जरा आडवं होऊन साडेतीनला परत यायचं ते रात्री आठपर्यंत. एवढा वेळ हात आणि डोळे कापडात गुंतलेले असतात, मोकळे राहतात ते कान. म्हणून रेडिओ. मोबाइलवर गाणी लावून पाहिली, पण दर दोन गाण्यांमागे जाहिरात बंद करायला बोट लावावं लागतं आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की गाणंच थांबतं. हातात कात्री असताना हे जमत नाही.

बाबांचा जुना ट्रान्झिस्टर गेल्या पावसाळ्यात कायमचा गेला. पाडव्याला पुतण्यानं नवा छोटा सेट आणून दिला, काट्याचा, एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही असलेला. त्यानंच काटा फिरवून एक खाजगी स्टेशन लावून दिलं. म्हणाला, "काकी, ह्याच्यावर दिवसभर जुनीच गाणी लागतात. आता हात लावायची गरज नाही." स्टेशनचं नाव मी लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते एका स्टेशनपुरतं नाही, या प्रकारची स्टेशनं बहुतेक एकाच पद्धतीनं चालतात.

पहिला महिना फार आनंदात गेला. आवाज स्वच्छ, खरखर नाही. बाबांच्या ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्ह ऐकताना आकाशात वीज चमकली की आत कडकड व्हायचं, ते इथे नव्हतं. किशोरकुमार, लता, रफी, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, सगळी ओळखीची माणसं. शेजारचा काज-बटणवाला येऊन दारात उभा राहायचा. अस्तर जोडणं, हूक लावणं, फॉल-पिको ही कंटाळवाणी कामं गाण्याच्या नादात उरकायची. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, घ्या आणि लावा.

मे संपता संपता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं. एक गाणं संपत आलं होतं आणि ती मान वर न करता म्हणाली, "आता किशोरकुमारचं ते गाडीतलं लागणार." लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा बरोबर. मला वाटलं योगायोग. मग चवथीच्या आधी ब्लाउजांची रीघ लागली, दिवसाला चौदा-पंधरा तास मशीनवर बसले, आणि त्या दिवसांत मला ते अंगावर यायला लागलं. एका ब्लाउजची पायपिंग लावताना जे गाणं वाजलं, तेच गाणं दुसऱ्या ब्लाउजची बाही जोडताना. सकाळीही आणि संध्याकाळीही.

म्हणून मी मोजायचं ठरवलं. मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर रेघा ओढायला लागले. रविवार सोडून बारा दिवस, फक्त सकाळी दहा ते एक. एकूण ३१८ वेळा गाणं लागलं. त्यात वेगळी गाणी निघाली १३१. एक गाणं १४ वेळा, म्हणजे काही सकाळी तर तीन तासांत दोनदा. या बारा सकाळींत तलत महमूद एकदाही नाही. गीता दत्त दोनदा, दोन्ही वेळा एकच गाणं. शमशाद बेगम नाही. हेमंतकुमारचं एक गाणं, तेही ठरलेलंच. जाहिरातीत '५० वर्षांची सदाबहार गाणी' असं म्हणतात, माझ्या वहीप्रमाणे त्यातलं बहुतेक १९६९ ते १९८५ एवढ्यातच अडकलेलं होतं. १९५० ते ६० चं दशक जवळजवळ गायबच. आणि लतासारख्या गायिकेची, जिनं हजारो गाणी गायली, इथे फिरून फिरून वीस-बावीस.

असं का होतं हे मला एका गिऱ्हाइकाच्या यजमानांनी समजावून सांगितलं. ते पूर्वी दुसऱ्या शहरात एका एफएम स्टेशनात होते. बायकोचं फिटिंग होईपर्यंत बाकावर बसून बोलत होते. गाणी निवेदक निवडत नाही, म्हणाले. यादी कॉम्प्युटरवर असते, सॉफ्टवेअर १९७९ पासून आहे, ते सांगतं कुठलं गाणं कुठल्या तासाला आणि किती तासांनी परत. यादी ठरते ती परीक्षा घेऊन. हॉलमध्ये शंभरेक माणसं बसवतात, प्रत्येक गाण्याचा सगळ्यात ओळखीचा पाच-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवतात आणि गुण द्यायला सांगतात. असे शेकडो तुकडे एका बैठकीत. ज्याला सगळे चांगले गुण देतात ते यादीत राहतं, ज्याला थोडे लोक फार चांगले आणि बाकीचे 'माहीत नाही' म्हणतात ते बाहेर जातं. म्हणजे एखादं गाणं दहा माणसांचा जीव असेल तरी उपयोग नाही.

या सगळ्याचं मूळ अमेरिकेत, ओमाहा शहरात. टॉड स्टोर्झ नावाच्या स्टेशनमालकाबद्दल सांगतात की १९५० च्या सुमाराला त्यानं हॉटेलात पाहिलं, लोक ज्युकबॉक्समध्ये नाणं टाकून तीच तीच गाणी लावतात, आणि दिवस संपल्यावर तिथे काम करणारी मुलगीही स्वतःच्या पैशानं तेच गाणं पुन्हा लावते. त्यावरून 'टॉप ४०' निघालं, म्हणजे गाजलेली थोडीच गाणी फिरून फिरून लावायची पद्धत.

मी त्या यजमानांना म्हटलं, पण मी आठ तास ऐकते. ते म्हणाले, तुमच्यासाठी नाहीच ते. ते गाडीत पंधरा-वीस मिनिटं ऐकणाऱ्यासाठी आहे. पणजीहून मडगावला निघालेला माणूस रेडिओ लावतो, ओळखीचं गाणं लागलं नाही तर बटण दाबतो. त्याला रोज तेच ऐकतोय हे कळतच नाही, कारण तो रोज वेगळ्या वेळी वेगळी वीस मिनिटं ऐकतो. शेजारचा काज-बटणवाला मध्येच म्हणाला की पैसे वाचवायला असं करत असतील. ते म्हणाले, नाही. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डानं संगीत कंपन्यांना द्यायचे पैसे स्टेशनच्या जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के असे ठरवले होते, त्यामुळे गाजलेलं वाजवा की विसरलेलं, खर्चात फरक पडत नव्हता. फरक फक्त भीतीचा.

त्यांचं म्हणणं मला पटलं आणि म्हणून जास्त वाईट वाटलं. कारण ओळखीचं गाणं पुन्हा ऐकावंसं वाटणं मला समजतं. बाबा बिनाका गीतमालेच्या गोष्टी सांगायचे. १९५२ मध्ये आकाशवाणीवर केसकर मंत्र्यांनी चित्रपटगीतं बंद केली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी गीतमाला सुरू झाली, अमीन सायानींचा तो आवाज. तीही गाजलेल्या गाण्यांची यादीच होती ना. पण आठवड्यातून एकदा, बुधवारी, आणि दर आठवड्याला ती यादी हलायची. कुठलं गाणं वर चढलं, कुठलं उतरलं, यावर घरात भांडणं व्हायची. १९५७ मध्ये विविध भारती आली आणि गाणी घरी परतली. आताच्या स्टेशनची यादी चढत नाही आणि उतरत नाही. ज्या गाण्यांचे संगीतकार केव्हाच गेले त्या गाण्यांत नवं काही येणार नाही हे मान्य, पण जुन्यांतच इतकं पडून आहे की एका आयुष्यात ऐकून संपणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले.

बाबाही शिंपी होते. माझं हे मशीन त्यांचंच, पायडलचं, मी नंतर मोटर बसवून घेतली. मुकेशचं एक गाणं लागलं की ते पायडल थांबवायचे. शिलाई अर्धी, सुई कापडात रुतलेली, उजवा हात चाकावर तसाच ठेवलेला, आणि डोळे बाहेर रस्त्यावर. तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. गाणं संपलं की चाक पुन्हा फिरायचं. ते वर्षातून दोन-तीन वेळा लागायचं. बाबा गेल्यावर कधी अवचित लागलं की माझाही हात आपोआप चाकावर जाऊन थांबायचा.

या आठ महिन्यांत ते गाणं मी किती वेळा ऐकलं याची मोजणी केली नाही, करवली नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी असावं. गणपतीच्या आदल्या दिवशी ते लागलं तेव्हा मी एका साटीनच्या ब्लाउजला काज करत होते. गाणं संपून जाहिरात लागली, मग पुढचं गाणं सुरू झालं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते होऊन गेलं. माझा हात थांबला नव्हता. मी तशीच सुई ठेवून आत जाऊन पाणी प्यायले. त्या दिवसापासून या स्टेशनबद्दल माझं मन बदललं ते आजपर्यंत. गाणं तेच आहे, त्यात काही कमी झालं नाही, पण माझ्यापाशी बाबांचं म्हणून जे होतं ते रोजच्या वापरात विरून गेलं. साडीची घडी रोज एकाच रेषेवर घातली की ती तिथेच विरते, तसं.

दुसरी गोष्ट, जी गोव्यातल्या माणसाला जास्त लागते. गाणं कुणाचं हे सांगतच नाहीत. गाणं संपलं की जाहिरात किंवा निवेदकाचं बोलणं, तेही उन्हाळ्याबद्दल नाहीतर ट्रॅफिकबद्दल. विविध भारतीवर गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट, चारही नावं सांगतात, लहानपणी माझं सगळं शिक्षण त्यातूनच झालं. ही नावं सांगितली तर निम्मं गोवं बाहेर येईल. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोंयकार. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. सी. रामचंद्रांबरोबर ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट हळदोण्याचे. लताबाईंचे वडील दीनानाथ मंगेशीचे, माझ्या दुकानापासून पणजीच्या वाटेवर बसनं थोडंसंच अंतर. आणि एन. दत्ता, म्हणजे आपले दत्ता नाईक, ज्यांनी साहिर लुधियानवींचे शब्द एवढे सुंदर बांधले, ते माझ्या बारा दिवसांच्या वहीत एकदाही नाहीत. गोव्यात ऐकू येणारं स्टेशन, गोव्यातल्या दुकानांच्या जाहिराती, आणि गोव्याचाच संगीतकार नाही.

ऑगस्टमध्ये फर्माईशीच्या वेळेला मी फोन केला होता. बोलणारी मुलगी चांगली होती, गोड बोलली. एन. दत्तांचं एक गाणं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, हे आमच्या सिस्टमवर नाही, त्याच काळातलं दुसरं लावू का?" जे लावलं ते त्या काळातलं नव्हतं, सत्तरच्या पुढचंच होतं, आणि वहीत आधीच सात रेघा असलेलं. तिला दोष देत नाही, तिच्या हातात तेवढीच गाणी होती.

आता मी काय करते ते सांगते, कारण काहीजणांना उपयोगी पडेल. सेट मी टाकलेला नाही, सेट चांगला आहे. सकाळी घरी स्वयंपाक करताना विविध भारतीवर 'भूले बिसरे गीत' ऐकते, त्यावर आठ महिन्यांत न ऐकलेली गाणी आठवड्यात ऐकायला मिळतात. दुकानात सकाळी विविध भारती, मध्ये आकाशवाणी पणजी. तिथे नाट्यगीत लागलं, विशेषतः अभिषेकीबुवांनी बांधलेलं, की मी आवाज वाढवते. मंगेशीचा माणूस आहे, आपल्या घरचं गाणं आहे. बातम्या, शेतीचं, आरोग्याचं असं बोलणंही येतं, मला ते चालतं, मध्ये कानाला विसावा मिळतो. संध्याकाळी गर्दीच्या वेळेला गिऱ्हाइकांना ओळखीचं हवं असतं, तेव्हा तासभर ते खाजगी स्टेशन लावते. तासभर ते खरंच छान वाटतं. गाडीत रोज अर्धा तास ऐकणाऱ्यानं खुशाल घ्यावं. दुकानात, स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या खोलीत दिवसभर लावून ठेवणाऱ्यानं मात्र घेऊ नये. ज्याच्याकडे एखादं आपलं असं गाणं आहे त्यानं तर नकोच.

माझ्या नणंदेकडे सारेगामाचा कारवाँ आहे, रेडिओसारखा दिसणारा, २०१७ मध्ये निघाला तो, आत आधीच भरलेली पाच हजार गाणी. ती म्हणते तोच घे. पण मला कुणीतरी दुसऱ्यानं लावलेलं गाणं ऐकायचं असतं, आत काय आहे ते आधीच माहीत असलं की कान तेवढे टवकारत नाहीत. स्टेशनवाल्यांना एवढंच सांगणं आहे, दिवसातून एक तास तरी यादी बाजूला ठेवा आणि गाण्यामागची चार नावं सांगा.

काटा फिरवताना सारखं चुकत होतं म्हणून शिकणाऱ्या मुलीनं सेटच्या काचेवर लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके दिलेत, एक विविध भारतीचा, एक पणजीचा. तिसऱ्या स्टेशनला तिनं ठिपका दिलेला नाही. ते शोधावं लागतं.